गंगाधरच्या कॅसेटमधलं राहिलेलं गाणं

मंडळी, गंगाधरला जाऊन आठ दिवस झाले. तुम्ही पालमची सगळी ओळखीची माणसं आलात. परभणीहून काही जण एसटीनं आलेत. माझ्या हातात कागद आहे. त्यावरचं सगळं वाचायला जमेल की नाही, माहीत नाही.

गंगाधर गाणी रचायचा आणि गायचा. शकील ढोलकीवर, मी बेंजोवर. आमच्या पार्टीला नाव नव्हतं. आम्ही एका वेळी एकच गाणं बसवायचो, एकच टेप करायचो. माइकही एकच. म्हणून गंगाधर माइकपाशी, मी खोलीच्या कोपऱ्यात आणि शकील बाहेर ओसरीवर. तरी ढोलकी जास्तच यायची. गंगाधर त्याला आणखी मागं सरकायला लावायचा. शकील म्हणायचा, आता सरकलो तर थेट गंगाखेडात जाऊन वाजवीन. टेप झालेलं गाणं आम्ही बस स्टँडवरच्या चहावाल्याकडं द्यायचो. पुढचं येईपर्यंत तो तेच वाजवायचा.

अशी बारा वर्षांत दहा गाणी झाली. यंदा ती एका कॅसेटवर घ्यायचं ठरलं. ते काम माझ्याकडं होतं. मघाशी तुम्हाला जी कॅसेट दिली, तिच्यावर नऊच आहेत.

राहिलेलं गाणं तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलेलं नाही. चहावाल्यानं ते एकदाच वाजवलं, मग आमच्या हातात परत दिलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल झाली, आपल्याकडं दलित वस्तीतली घरं जळाली. त्या दिवशी तिथली माणसं दार वाजवत असताना ज्यांनी आतून कडी घातली, त्यांचं ते गाणं आहे. नाव कुणाचंच नाही. पण घर गंगाधरचंच आहे. कडी त्याच्या वडिलांनी, आपल्या अण्णांनी, घातली होती.

अण्णा, तुम्ही समोर बसलात. मला माफ करा. त्यानं तुमच्यावर राग काढलेला नाही. गाण्यात तो म्हणतो, कडीवर माझाही हात होता.

मी ते गाणं गाळलं. अण्णांसाठी गाळलं, असं स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. मी शाळेत शिकवतो. कॅसेटवर माझं नाव आहे. उद्या संस्थेनं बोलावलं तर? घरावर दगड आला तर? मी एवढाच विचार केला.

दवाखान्यात गंगाधरनं विचारलं, "कडीचं घेतलंस न्हवं?"

मी म्हणालो, घेतलंय.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हसला.

"तू लय भित्रा हायेस. तरी घेतलंस."

तिसऱ्या दिवशी तो गेला. मंडळी, त्यानं दिलेली ही शाबासकी माझी नाही. ती मी आता कुणाला परत करू?

मूळ टेप मी पुसलेली नाही. आज आणली आहे. सकाळपासून ती दोनदा मशीनमध्ये घातली, दोनदा काढली. काल अण्णांना विचारायला गेलो होतो. त्यांच्या दारातून परत फिरलो. म्हणून आता, सगळ्यांसमोर सांगतो आहे.

आपण उभे राहू. दोन मिनिटं डोळे मिटून गंगाधरसाठी शांत राहू. त्यानंतर मी ते गाणं लावणार आहे. ज्यांना ऐकायचं नसेल, त्यांनी त्या दोन मिनिटांत निघून जावं. अण्णा, तुम्हीसुद्धा. कोण गेलं, कोण थांबलं, ते मी पाहणार नाही. माझेही डोळे मिटलेले असतील.

उभे राहू या.