अध्यक्ष कोण? मी!

...नाही, पण मला सांगा, तीनशे खुर्च्या मांडायच्या आणि माणसं किती यावीत? एकोणतीस! त्यातला एक माइकवाला, दोघं पंख्याखाली डुलकी काढायला आलेले, आणि एक गृहस्थ पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकतायत, मी खूश, तर नंतर कळलं, ते शेजारच्या हॉलमधल्या दंतवैद्यांच्या परिषदेला आले होते, दार चुकले! याला अधिवेशन म्हणायचं? लिफ्ट मेकॅनिकांची संघटना आमची, अकराशे सभासद, आणि अध्यक्ष कोण? मी!

तसं आमचं कामच असं, तुम्हाला सांगतो, की आमची आठवण माणसाला कधी येते? दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर! दार उघडलं की घड्याळ बघत चालू लागतात. ते सोडा. पण आपल्याच माणसांनी पाठ फिरवायची? आणि तीही यंदा? कारण यंदा ठराव होता. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या पोकळीत, एकट्याने उतरायचं नाही, दोघं हवेतच. साधी गोष्ट! पण कंपन्या म्हणणार, "दुसरा माणूस कशाला? काम तर एकट्याचं आहे." आणि आमच्या नियमाप्रमाणे ठराव मंजूर करायला सभागृहात दोनशे सभासद हजर हवेत. दोनशे! एकोणतिसांत दंतवैद्य धरला तरी भागत नाही हो!

बरं, ठराव हौसेने आणलेला नव्हता. आमच्यातला एक आहे, त्याला सगळे शिट्टीवाला म्हणतात, काम करताना सतत शिट्टी वाजवणार. गेल्या वर्षी तो एकटाच केबिनच्या छतावर उभा राहून काम करत होता, पाय घसरला, खाली खड्ड्यात! पाय दोन ठिकाणी मोडला, फोन कुठे तरी जाऊन पडला. वर लोक काय करतायत? "लिफ्ट परत बंद!" म्हणून आम्हाला शिव्या घालत जिने चढतायत. दोन तास, तुम्हाला सांगतो, दोन तास तो पडल्या पडल्या शिट्टी वाजवत राहिला. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी ऐकलं. त्यांना वाटलं, भिंतीत पक्षी अडकलाय...

तर अशी सगळी स्थिती, ठरावासाठी अठ्ठावीस तारखेला पुन्हा अधिवेशन बोलावलेलं, आणि आमच्या ऑफिसातल्या टाइपिस्टबाई येऊन मला काय म्हणतात? "साहेब, मी फेसबुकवर आपल्या संघटनेचं पान काढलंय." विचारलं नाही हं, सांगितलं! आणि अध्यक्ष कोण? मी! बाई चोवीस वर्षं आमच्याकडे, पंचावन्नच्या घरात, चष्म्याला साखळी, बोलणं मोजून मापून. मी म्हटलं, "बाई, तिथे लोक मांजरांचे फोटो टाकतात! आपली संघटना नोंदणीकृत आहे!" "हो साहेब," म्हणाल्या. बाईंचा हा "हो साहेब" फार वाईट. तो आला की समजायचं, काम झालेलं आहे.

मग मीच म्हटलं, टाकायचंच तर नीट टाका, घ्या लिहून. आणि सांगितला मजकूर: "सर्व सन्माननीय सभासद बंधूंस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, प्रतिवर्षीप्रमाणे याही वर्षी..." चांगला दीड पानी! आवडला म्हणून अंगठा दाबला किती जणांनी? तिघांनी! एक माझी बायको, एक मेहुणी, आणि एक गाद्यांचं दुकान. बाईंनी चष्मा पुसला नुसता. ते जास्त लागतं हो!

दुसऱ्या दिवशी बघतो तर माझा दीड पानी आनंद गायब! त्याच्या जागी एक फोटो. झिजून झिजून पार कागद झालेला ब्रेकचा पट्टा, आणि खाली बाईंची एकच ओळ: "हा असा एकाच बाजूने का झिजला असेल?" बस! मी म्हटलं, "हे काय? निमंत्रण कुठाय? प्रतिवर्षीप्रमाणे कुठाय?" आणि दुपारपर्यंत, अहो, त्र्याऐंशी उत्तरं! एक म्हणतो, "स्प्रिंग गेली." दुसरा म्हणतो, "तुझी अक्कल गेली, बसवतानाच वाकडा बसवलाय." तिसरा म्हणतो, "भांडू नका, माझ्याकडे अस्साच आला होता, फोटो टाकतो." दहा वर्षं अधिवेशनात "कुणाला काही शंका?" विचारतोय मी, कुणी खोकत सुद्धा नाही, आणि इथे ब्रेकच्या पट्ट्यावरून माणसं बाह्या सरसावतायत!

पुढच्या आठवड्यात बाईंनी विचारलं, "तुम्ही काम करता त्या गच्चीवरून काय दिसतं?" आमच्या मशीन रूम गच्चीवर असतात ना. तर आले फोटो... चारशे! कुठे धुराडी, कुठे नदी, कुठे नुसत्या वाळत घातलेल्या चादरी, कुठे टाकीच्या सावलीत उघडा डबा. एकाने लिहिलं, "बारा वर्षं रोज इथे एकटा जेवतो. आज पहिल्यांदा कुणी तरी विचारलं." मी ते वाचलं आणि उगाच फायली आवरायला लागलो.

आणि उत्तरं कोण देतंय सगळ्यांना? बाई! एकेकाला, सभासद नंबरासकट! "सातशे बारा नंबर, मुलीचं ऑपरेशन कसं झालं?" "तीनशे चाळीस, तुमची बदली झाली का जवळ?" मी चाट! विचारलं, "बाई, हे सगळं तुम्हाला कसं माहीत?" तर शांतपणे म्हणतात, "साहेब, दर वर्षी येता येणार नाही म्हणून पत्रं येतात ना? त्यात कारणं असतात." चोवीस वर्षं बाईंनी ती पत्रं वाचली होती. त्या पत्रांवर "पाहिले" म्हणून सही करणारा अध्यक्ष कोण? मी! आणि एक तरी पाहिलं असेल तर शपथ.

मग एके दिवशी म्हणाल्या, "साहेब, मी शिट्टीवाल्याकडे जाऊन त्यांचा व्हिडिओ करते." आता मात्र मी आवाज चढवला. म्हटलं, "माणसाच्या दुखण्याची जाहिरात करायची नाही!" "हो साहेब," म्हणाल्या. गेल्याच! पण त्याला आधी विचारलं, त्याच्या बायकोला विचारलं, चहा घेतला, मग फोन काढला. तो खुर्चीत बसलाय, शेजारी काठी. बोलायला तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो... म्हणतो, "बाई, बोलता येत नाही. तिथे जे केलं तेच करतो." आणि शिट्टी वाजवतो. एक मिनिट. ना सूर ना गाणं. नुसतीच एका मागून एक, दम लागेपर्यंत. खाली बाईंची ओळ: "असं दोन तास. अठ्ठावीस तारखेला या."

अठ्ठावीस तारीख! सकाळी नऊलाच तीनशे खुर्च्या भरल्या, दहाला भिंती भरल्या, साडेदहाला शेजारच्या, दंतवैद्यांच्या त्या हॉलमधून खुर्च्या मागून आणल्या. हॉल तिसऱ्या मजल्यावर, सगळे एकदम लिफ्टमध्ये घुसले, लिफ्ट बंद! आणि खाली उभे किती? शंभर लिफ्ट मेकॅनिक! "मी बघतो." "तू सरक, मी बघतो." "हात लावू नको, एकाच बाजूने झिजलाय!" शेवटी शिट्टीवाला काठी टेकत टेकत जिन्यानेच वर आला, आणि त्याच्या मागे सगळे शंभरच्या शंभर, त्याच्या चालीने, एकेक पायरी...

ठरावाला हात वर झाले. बाईंनी मोजले, सहाशे चौदा. मागे कंपन्यांची माणसं बसली होती, ती पण व्हिडिओ बघूनच आलेली. सगळ्यात मोठ्या कंपनीचा मॅनेजर उठला, घसा खाकरला, म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून आमच्याकडे जोडीशिवाय कुणी उतरणार नाही. लेखी देतो." आणि सगळे उभे राहून टाळ्या कुणाकडे बघून वाजवतायत? बाईंकडे! आणि अध्यक्ष कोण?... जाऊ दे. मी पण त्यांच्याकडेच बघून वाजवत होतो.

तेवढंच कशाला, माझं अध्यक्षीय भाषणही झालं ना! बेचाळीस मिनिटं! तीन वेळा तालीम केलेली, संघटनेचा पूर्ण इतिहास, आकडेवारीसकट. बाईंनी सगळं शूट केलं, मी स्वतः बघितलं. दुसऱ्या दिवशी पानावर आलं, आणि बघितलं किती लोकांनी? एकवीस हजार! मी चष्मा लावून बसलो ऐकायला. बेचाळीस मिनिटांतलं बाईंनी ठेवलं किती? नऊ सेकंद, आणि तेही भाषणाचे नाहीत, ठरावाच्या वेळचे! शिट्टीवाला हात वर करतोय, आणि मागे मी रुमालाने डोळे पुसतोय. बोलतच नाहीये हो मी त्यात! फोन केला, म्हटलं, "बाई, माझं भाषण?" म्हणाल्या, "हेच तर होतं, साहेब."

...काय करता? दाबला अंगठा.