शक्ती भागिले वजन

…आणि वर मलाच विचारतात, एवढी शिकलेली मुलगी तू, तुला हे कळलं कसं नाही? अहो, शिकलेली होते म्हणूनच तर कळलं नाही. न शिकलेल्या माणसाने दुकानात जाऊन हाताला बरी लागली ती करवत उचलली असती आणि घरी येऊन कॉफी प्यायली असती. मी तक्ता केला. तुम्हाला सांगते, सत्तावीस चेनसॉ, म्हणजे त्या इंजिनाच्या करवती हो, आणि तीन रकाने. एकात किलोवॅट, दुसऱ्यात किलो, तिसऱ्यात भागाकार. शक्ती भागिले वजन. बस. जगात याहून सरळ गोष्ट नाही असं मला वाटत होतं.

आता तुम्ही म्हणाल, टोस्टरमधून पाव वर आला तरी खुर्चीवरून उडणारी बाई तू, तुला करवत हवीच कशाला? तर आजोबा गेले, आणि जाताना घर आणि तळ्याकाठची सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, दिली आहतीमामाला, मागचं बारा हेक्टरचं रान दिलं मला. का दिलं ते विचारू नका, आजोबांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट समजावून सांगितली नाही. मी हेलसिंकीतलं बिऱ्हाड गुंडाळून आले, आणि तिसऱ्याच आठवड्यात वादळ झालं आणि स्प्रूसची, म्हणजे आमच्याकडच्या सूचीपर्णी झाडांतली, त्रेचाळीस झाडं आडवी. मोजले मी. दोनदा. आणि आडवा स्प्रूस तसाच पडून राहिला की उन्हाळ्यात सालीखाली किडा धरतो, तो मग उभ्या झाडांत शिरतो, मग शेजाऱ्यांच्या रानात, आणि मग शेजारी… शेजारी काही बोलत नाहीत. तेच तर वाईट.

मामा आला, पायरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "साइमी, रान मला विकून टाक. तुझ्याने व्हायचं नाही."

"होईल."

"अगं, मांजर शिंकलं तर दचकतेस तू."

"दचकत दचकत करीन."

 मग ठरलं असं, की जूनच्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला, संध्याकाळची सौना पेटायच्या आत, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस झाडांच्या फांद्या छाटून ओंडके तयार झाले पाहिजेत. मी एकटीने करायचं. ओढून न्यायला मामाचा ट्रॅक्टर. झालं तर रान माझं, एक जरी झाड राहिलं तर विक्रीच्या कागदावर सही करायची आणि हेलसिंकीची बस धरायची. हातात महिना, पाच आठवडे.

मग मी तक्ता केला. आणि भागाकाराची गंमत बघा. बारकी करवत, एक पूर्णांक सहा किलोवॅट, वजन चार किलो, उत्तर शून्य पूर्णांक चार. मधली, शून्य पूर्णांक पाच. आणि दुकानात सगळ्यात वरच्या खुंटीवर टांगलेली ती राक्षसीण, सव्वापाच किलोवॅट, वजन साडेसात… उत्तर शून्य पूर्णांक सात! मी कागद घेऊन गावातल्या रेइनोच्या अवजारांच्या दुकानात गेले. म्हटलं, "ती वरची द्या."

रेइनो म्हणाला, "हं."

 दाराशी कॉफी पीत बसलेले दोघे बुटांकडे बघू लागले. मग रेइनो म्हणाला, "मोठी आहे."

आता आमच्या गावात दुकानदार आपणहून 'मोठी आहे' म्हणाला, म्हणजे दुसरीकडे त्याने दारात आडवं पडून पाय धरल्यासारखं आहे. पण सहा वर्षं हेलसिंकीत राहून माझे कान बिघडलेले. मला वाटलं कौतुक करतोय. म्हटलं, "हो ना, शक्ती भागिले वजन." तो पुन्हा "हं" म्हणाला आणि खोकं बांधायला लागला.

पहिल्या दिवशी दोरी ओढली तर दोरीबरोबर करवतच वर आली, इंजिन ढिम्म. अकराव्या ओढीला सुरू झाली आणि मी अशी उडाले की हेल्मेटची जाळी नाकावर आपटली. बरं, सुरू झाली ती झाली, पण करायचं काय? वादळाने झाडं तोडून ठेवलीच होती! माझ्या वाट्याला उरल्या फांद्या. एका स्प्रूसला शंभर-सव्वाशे, वरून, खालून, कडेने. आणि प्रत्येक फांदीला ती राक्षसीण उचला, फिरवा, उचला. दुसरं झाड होईपर्यंत कॉफीचा पेला दोन हातांनी धरावा लागत होता. आठवड्यात झाडं किती? पाच. आणि मामा रोज यायचा, बुंध्यावर बसायचा, थर्मासमधून ओतून घ्यायचा आणि विचारायचा, "सहीला पेन निळं आणू का काळं?"

मला संशय आला. आजोबांचा मासे तोलायचा काटा होता, दहा किलोपर्यंतचा. करवत टांगली तर काटा थेट दहावर जाऊन टेकला. म्हणजे बघा, छापलेलं वजन हे पातं न लावता, साखळी न लावता, टाकी रिकामी ठेवून. असं कोण लाकूड कापतं हो? मी रात्री बसून सगळा तक्ता नव्याने केला, पात्यासकट, साखळीसकट, तेलासकट. आणि तुम्हाला सांगते, तरीही राक्षसीणच पहिली. भागाकाराला खांदा नसतो, कंबर नसते.

सकाळी शेजारची लेम्पीआजी आली, शहात्तर वर्षांची, हातात राय नावाच्या धान्याच्या, खीर भरलेल्या पुऱ्यांचा डबा. तिने तक्ता चष्म्याशिवाय पाहिला, चष्म्याने पाहिला.

"यात तू कुठे आहेस?"

"म्हणजे?"

"यंत्राची शक्ती लिहिलीस, यंत्राचं वजन लिहिलंस. उचलणारी कुठे लिहिलीस?"

मी रकाने पुन्हा मोजले. ती घरी जाऊन स्वतःची करवत घेऊन आली. कुठली माहितीये? माझ्या तक्त्यातली सत्ताविसावी. शेवटची! मला अपमान वाटला, खरं सांगते. शक्ती भागिले वजन म्हणजे काहीच नाही का? पण हात वर होत नव्हते, म्हणून घेतली. त्या दिवशी तीन झाडं झाली. राक्षसीण नुसती जाड बुंध्याला, दर झाडाला मिनिटभर, मग गवतात झोपायची. रेइनोकडे तेल आणायला गेले तेव्हा विचारलंच, "मला आधी सांगितलं का नाही?"

तो म्हणाला, "सांगितलं की. तीनदा."

मग मी मान वर केली नाही. निम्मे दिवस पावसाने खाल्ले, उरलेल्यांत डास, हातमोज्यांत डिंक. एकदा फांद्यांखालून रानकोंबडा फडफडत थेट तोंडावर आला, पण आता मी आधी साखळीचा ब्रेक लावते आणि मग दचकते. तीस झाली, छत्तीस झाली. सणाच्या दिवशी दुपारी दोन उरली, तीही दलदलीच्या कडेला, बूट रुतत होते. चारला मामा आला. बसला. थर्मास उघडला नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले, गावात सगळ्यांच्या सौनांच्या धुराड्यांतून धूर निघाला, आणि मी शेवटच्या झाडाच्या शेंड्याकडे, अजून वीस फांद्या…

मी करवत बंद करून विचारलं, "मामा, सौना पेटवली नाहीस?"

खिशात काडेपेटी खुळखुळली. मामा म्हणाला, "लाकूड ओलं आहे."

मामाकडे. सणाच्या दिवशी. ओलं लाकूड. आमच्यात असं बोलून दाखवत नाहीत. वीस फांद्या छाटल्या, बुंधा कापला, आणि मग तो उठला, ओंडक्यावरून हात फिरवला, म्हणाला, "हं." बिघडलेले कान माझे, पण तेवढं ऐकू आलं.

तर रान माझं झालं. रात्री सौनाबाहेरच्या बाकावर अंगातून वाफा निघताहेत, हात मळलेल्या कणकेसारखे झालेत, मी जिंकलेली, आणि मामा शांतपणे म्हणतो, "आता तिथे रोपं लाव. हजारभर लागतील."

"तोडायला कधी येतील?"

"सत्तर वर्षांनी."

भागाकार केला नाही हो. नुसती बेरीज केली. माझी सव्वीस अधिक सत्तर, शहाण्णव. म्हटलं, असू दे, येईन तेव्हा… पण त्या वेळी करवत मात्र हाताला बरी लागेल तीच घेणार.