पाद्री कॉलेजवरचा बॅनर

आमच्या जालन्यातलं जुनं पाद्री कॉलेज वाचलं कशामुळं, माहिती हाय का? एका बॅनरमुळं!

अँग्लिकन मिशनची, म्हंजे इंग्लंडच्या चर्चवाल्यांची ती इमारत. माझे आजोबा तिथंच शिकून पाद्री झाल्ते. भिंती कमजोर झाल्या म्हणून ती पाडायचं जवळपास ठरल्तं. इंजिनिअर साहेब शेवटच्या पाहणीला येणार होते. आता साहेब येणार म्हणल्यावर आपण काय करतो? सत्कार! पाडायला येणाऱ्याचाबी सत्कार!

शाल आली, हार आला. 'हार्दिक स्वागत'चा बॅनर लावायला आमच्या गल्लीतल्या दिलीपभाऊनं भिंतीवर खिळा ठोकला. वाकला. दुसरा घेतला, तोबी वाकला. तेवढ्यात साहेब हजर.

"काय चाललंय?"

"तुमचाच बॅनर लावून राह्यलो साहेब. खिळा जाईना."

"आणा ती हातोडी इकडे."

साहेबांनी बाह्या सारून दणका दिला. खिळा उडून थेट हाराच्या ताटात!

मी म्हणलं, "लिहा मंग साहेब, भिंत कमजोर हाय."

साहेब भिंतीवर हात फिरवत हसले. "ही पाडा म्हणून मी सही करणार नाही."

आता सरकारनं 'वारसा वास्तू' असा फलक दिलाय. इमारतीसमोर दोन पाइपांवर उभा केलाय. भिंतीत खिळा जायला पाहिजे ना!