सासऱ्यांनी शिकवलेला स्ट्राइक

...नाही, तुम्ही हसा, हसायला काय जातंय तुमचं, पण अर्धी मिशी घेऊन कामावर जावं लागलं तर कळेल. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. लोकांच्या स्वयंपाकघरात जातो, फ्रिज उघडतो, तर बाई फ्रिजकडे बघायची सोडून माझ्या तोंडाकडे बघते. काय सांगू तिला? सासऱ्यांनी इंग्रजी शिकवलं म्हणून?

तुम्हाला सांगतो, माझे सासरे जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या निरोप समारंभात मला कुणीतरी दोन शब्द बोलायला उभं केलं, आणि मी आपला सहज बोलून गेलो की आता इंग्रजीला मास्तर कशाला हवा, फोनला विचारलं की तो सांगतो. काय चूक बोललो? सगळे हसले. दोघं सोडून. एक सासरे, आणि दुसरी माझी बायको. ती समारंभातूनच परस्पर माहेरी गेली. फोन केला तर म्हणे, "बाबा म्हणतील तेव्हा येईन." आणि घरात मी एकटा. मला साधा वरणाचा कुकर लावता येत नाही हो.

मग गेलो आणायला. सासरे बाहेरच्या खोलीतच बसले होते, मांडीवर उशीएवढी डिक्शनरी. मला समोरच्या घडीच्या खाटेवर बसवलं. म्हणाले, "जावईबापू, एकच शब्द. स्ट्राइक. सगळे अर्थ शिका आणि मुलीला घेऊन जा." मी म्हटलं, एवढंच? खिशातून फोन काढला. तो त्यांनी काढून घेतला आणि सासूबाईंच्या पाण्याच्या बादलीत सोडला. "फोन अर्थ सांगतो. अर्थ अंगाला लागला पाहिजे."

आता ही त्या घराची रीत मला लग्नाआधी कुणी सांगितली नव्हती. तिथे शब्दाचा अर्थ सांगत नाहीत, करून दाखवतात. बायकोच्या दंडावर लहानपणचा एक वण आहे, मला वाटायचं देवीची लस असेल. तो 'पिंच' निघाला.

तर पहिला अर्थ, काडी ओढणे. सासऱ्यांनी काडेपेटी घेतली आणि माझ्या नाकाखाली धरून काडी ओढली. "स्ट्राइक अ मॅच. समजलं?" समजलं कसलं, चरचर आवाज आला आणि डावी मिशी गेली. मी मिशी विझवतोय, तोवर ते दुसऱ्या अर्थावर. घड्याळाचे टोले पडणे. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, म्हणून सासूबाई आतून पितळी पातेलं घेऊन आल्या. प्रेमळ बाई हो, आधी विचारलं, "चहा घेणार का?" आणि मग पातेलं माझ्या डोक्यावर उपडं घालून वर डाव हाणायला लागल्या. ठण्ण. ठण्ण. पातेल्याच्या आत मला सासऱ्यांचा आवाज लांबून आल्यासारखा येतोय, "किती वाजले, जावईबापू?" मी म्हटलं, माझे बारा वाजले. "बरोबर," म्हणाले, "बाराच दिलेत."

पातेलं काढल्यावर म्हणतात, "आता तिसरा. अचानक काहीतरी सुचणे. काही सुचतंय का?" मी म्हटलं, "पळून जावंसं सुचतंय." म्हातारा खूश. "उत्तम वापर! पण आता चौथा अर्थ राहिलाय, तो मुख्य." आणि त्यांनी माझ्या मेहुण्याला हाक मारली.

मेहुणा जिममध्ये पोरांना व्यायाम शिकवतो. दारातून आडवा होऊन आत येतो. मी म्हटलं, "मारणे! मारणे हा अर्थ मला येतो, शप्पथ येतो." तो बिचारा म्हणाला, "दाजी, माफ करा हं, बाबा ऐकत नाहीत," आणि माझ्या जबड्यावर असा काही ठोसा दिला की मला डिक्शनरीतली सगळी पानं एकदम दिसली. "अंगाला लागला?" सासरे विचारतायत. अंगाला? अहो, हाडाला लागला.

मग पाचवा, तळ उठवणे. फौज तंबू पाडते ना, ते. तंबू कुठला आणणार? मेहुण्याने मी बसलेल्या खाटेची घडी घातली. मी आत असताना. कशीबशी मान सोडवली आणि जमिनीवर पडलो तो पडलोच. मनात म्हटलं, आता काय वाट्टेल ते करा, मी हलत नाही, बोलत नाही. तर म्हातारा टाळ्या वाजवतोय, "संप! वा, सहावा अर्थ त्यांनी स्वतःहून केला. बाळ, यांना उठव, चौथ्याची एकदा उजळणी घेऊ."

तेव्हा आतलं दार उघडलं. बायको. हातात बॅग. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, ती बॅग तिने गरकन फिरवून मेहुण्याच्या कानाखाली अशी हाणली की तो आख्खा डोंगर कपाटावर जाऊन आदळला. सासूबाईंच्या हातातला डाव घेऊन खिडकीबाहेर. डिक्शनरी उचलून बापाच्या पायावर. म्हणाली, "माझ्या नवऱ्याला मारायचं असेल तर मी मारीन. तुम्ही कोण?" सासरे पाय धरून एका पायावर नाचतायत आणि तशातही म्हणतात, "बघा, हिला शिकवलेलं अंगाला लागलंय."

स्कूटरवर ती मागे बसली. मग माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाली, "मी दाराआड उभी होते. म्हटलं होतं, यांनी एकदा जरी म्हटलं ना, की ठेवा तुमची मुलगी तुमच्याकडे, तर बॅग परत रिकामी करायची. एवढा मार खाल्लात, पण एकदाही म्हणाला नाहीत हो तुम्ही." आणि रडायला लागली. मलाही भरून आलं. मी नुसती मान हलवली.

काय करणार? म्हणणारच होतो हो. चांगलं दोनदा म्हणणार होतो. जबडाच उघडत नव्हता.