बाळाराम आऊट होईपर्यंत

शाळा बांधायला आधी काय लागतं, माहितीये? सिमेंट नाही, विकेट! मला विचारा.

कळंबच्या पुढे सरकारी हायस्कूलचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी आम्ही माळावर फक्कीने पायाच्या रेषा मारल्या. सकाळी जाऊन बघते तर काय, आमच्या रेषांची बाउंड्री करून गावाची मॅच रंगलेली! जेसीबी कडेला उभा आणि ड्रायव्हर गायब.

"अहो, बाळाराम कुठाय?"

"तो काय, बॅटिंग करतोय. आऊट झाला का लगेच येल, मॅडम."

उद्या मशीन खोपोलीला जाणार होतं, पाया आजच खोदायचा होता. आणि हा गडी आऊट होईना! बाउंड्री माझ्याच कृपेने जवळ, त्यामुळे सिक्सवर सिक्स.

तेवढ्यात रनआऊटवरून भांडण जुंपलं. कोणीतरी म्हणालं, "मॅडमना अंपायर करा रं! त्या कुठल्याच टीमच्या नाय."

मी ओढणी कमरेला खोचून उभी राहिले. पुढचाच बॉल बाळारामच्या नडगीवर बसला. मी तात्काळ बोट वर केलं.

सगळं मैदान ओरडलं, "मॅडम, आमच्यात एलबीडब्ल्यू नाय!"

"आजपासून हाय," मी म्हटलं. "बाळाराम, चल, मशीन काढ."

परवा शाळेचं उद्घाटन झालं. बाळाराम लेकीला घेऊन आला होता, तिला तिथेच आठवीत घातलंय. मी विचारलं, "काय, कशी वाटली शाळा?"

"एकदम झकास, मॅडम," तो म्हणाला. मग जरा जवळ येऊन हळूच, "पण आमच्यात एलबीडब्ल्यू नाय."