एका मिनिटाची देवी

हसा वं बायांनो, हसा! पण तो धानाचा रोवणा आठवला का अजूनही माहं डोकं तापते.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असंल. मी आसगावले नवी सून होती. पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी डोक्यावर घेऊन जाता जाता शेताच्या धुऱ्यावर घसरली अन् डोकं दगडावर आपटलं. रक्त नाही, खोक नाही. म्हणजे घरच्यांच्या हिशेबानं काहीच झालं नाही! पण पंधरवडा उलटला तरी धान रोवाले वाकली का गरगरे, उजेड डोळ्यात खुपे, भांडं वाजलं तरी मी खेकसे. डॉक्टरकडे न्या म्हणलं, तर सासू म्हणे, "कामाच्या वक्तालेच कसं दुखते तुले?"

मंग कोणीतरी सांगितलं, हिले बाहेरचं लागलं. झालं! भूत उतरवाले गावचा भगत आला अन् माह्या कानापाशी डफ बडवाले लागला. कानापाशी! कवटी उकलते का काय असं झालं. मी किंचाळली, डफ हिसकला अन् आंगणात फेकला.

सारं घर हात जोडून उभं. सासू तर माह्या पायावरच पडली. "देवी आली वं अंगात! माय, काय पाहिजे तुले? मांग!"

मी भडकून म्हणलं, "कोणती देवी? मी तुमची सून आहो. माहं डोकं दुखून राहिलं, मले झोपू द्या!"

सासू झटक्यात उठली. "आली शुद्धीवर. उद्या रोवण्याले जाजो."

सांगा आता, काय घाई होती मले खरं बोलाची? नुसतं "झोप पाहिजे" म्हणून डोळे मिटले असते, तर रोवणा संपेपर्यंत साऱ्या घरानं मले वारा घातला असता!