कोचीचा पोलीस आणि वडनेरचा ठेचा

परवा भिंतीपलीकडून शेजारच्या शोभाची सासू फोनवर सांगत होती, "आमच्या सुनेनं कोचीत पोलिसाले रडवलं, अन्..." तेवढ्यात मिक्सर सुरू झाला. आता पुढचं ऐकल्याशिवाय मले जेवण जाते का? वाटी घेतली अन् गेले साखर मागायले.

"काऊन वो शोभा, मारलं का त्याले?"

"नाई वो ताई! मसाल्याच्या बाजारात मी हरवली. फोन यांच्या खिशात, तिथली भाषा समजत नाई. बोटीच्या धक्क्यावर एका पोलिसानं बसवलं, चहा पाजला. मले वाटलं, आपणही काही द्यावं. डब्यातला आपल्या वडनेरचा ठेचा दिला. त्यानं चमचाभर तोंडात टाकला!"

"मंग?"

"डोळ्यातून धारा! तसाच भोंग्यावर हुंदके देत यांचं नाव, 'रमेश, रमेश' पुकारून राह्यला. लोकायले वाटलं, त्याचाच कोणी हरवला!"

"सांग, सांग सगळ्या गावाले," रमेशभाऊ पेपराआडून पुटपुटले.

"अन् हे धावत आले, मले पाहून तिथंच..." शोभाले हसू आवरेना.

म्हणजे बातमी अर्धीच खरी होती. शोभानं दोघायले रडवलं होतं. पोलिसानं निदान ठेचा तरी खाल्ला होता.